वाचकांचे प्रश्न : लोकसभेला पडल्यावर पुढं काय?

मागच्या अंकात मी दोन पानं लिहिली होती. माझा एक जुना मित्र लोकसभेला अपक्ष उभा राहिला, मी त्याचा इलेक्शन एजंट, म्हणजे निवडणुकीच्या कामातला त्याचा अधिकृत प्रतिनिधी होतो, चिन्ह कपबशी मिळालं, तो पडला आणि डिपॉझिटही गेलं, एवढीच गोष्ट होती. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी पत्रं अशा घरांमधून आलीत जिथं कोणीतरी उभं राहिलं आणि पडलं. निवडून आलेल्यांबद्दल सगळीकडे छापून येतं, पडलेल्याच्या घरात रिझल्टनंतर काय चालतं ते कोणी विचारत नाही, म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना देतोय. नावं-गावं मुद्दाम काढून टाकली आहेत.

प्रश्न : माझे मोठे भाऊ एका छोट्या पक्षाकडून लोकसभेला उभे होते. एकोणीस हजार मतं पडली. ग्रामपंचायतीच्या हिशोबानं केवढी मतं आहेत ही, पण डिपॉझिट जप्त झालं आणि गावात पारावर तोच विषय. दादा आता चहा प्यायलाही तिकडं जात नाहीत. हे डिपॉझिटचं गणित नक्की काय असतं?

दादांना आधी माझा नमस्कार सांगा.

गणित सोपं आहे पण फार कडक आहे. लोकसभेला उभं राहताना २५,००० रुपये अनामत भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली तर ती परत मिळते, बरोबर एक षष्ठांश पडली तरी जाते, वर किमान एक मत पाहिजेच. समजा तुमच्या मतदारसंघात १२ लाख वैध मतं झाली, तर दोन लाखांच्या वर मतं घेतली तरच पैसे परत. 'नोटा'ला (वरीलपैकी कोणीही नाही) पडलेली मतं यात धरत नाहीत. आता तुम्हीच बघा, जिथं दोन मोठे पक्ष मिळून ऐंशी-नव्वद टक्के मतं खाऊन टाकतात तिथं तिसऱ्या माणसाला हा आकडा गाठणं जवळपास अशक्यच असतं, मग तो माणूस कितीही चांगला असो.

२०२४ च्या लोकसभेला देशभरात ८,३६० उमेदवार उभे होते आणि त्यातल्या ७,१९० जणांचं डिपॉझिट गेलं. म्हणजे शंभरातले ८६. पारावरच्या मंडळींना हा आकडा जरूर सांगा. अगदी पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, १,८७४ उमेदवार होते आणि ७४५ जणांचं डिपॉझिट गेलं होतं, म्हणजे तेव्हाही दहात चार जण.

आणि वाजपेयींचं सांगा. १९५७ ला अटलबिहारी वाजपेयी एकाच वेळी तीन जागांवर उभे होते, बलरामपूर, लखनौ आणि मथुरा. बलरामपूरला निवडून आले, लखनौला पडले आणि मथुरेत चक्क डिपॉझिट गेलं. (तीन जागा लढवणं तेव्हा चालायचं, १९९६ पासून जास्तीत जास्त दोन.) मथुरेत डिपॉझिट गमावलेला तोच माणूस पुढं पंतप्रधान झाला.

ही रक्कम पूर्वी ५०० रुपये होती. १९९६ ला लोकसभेसाठी १३,९५२ जण उभे राहिले, आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) एकट्या नलगोंडा मतदारसंघात ४८० उमेदवार, मतपत्रिकेचं पुस्तक छापायची वेळ आली आणि तिथलं मतदान पुढं ढकलावं लागलं. त्यानंतर डिपॉझिट १०,००० केलं आणि १९९८ ला उमेदवार एकदम ४,७५० वर आले. पण नलगोंड्याचे ते ४८० म्हणजे सगळे हौशे-गवशे होते असं समजू नका. त्या भागात पाण्यात फ्लोराइड, माणसांची हाडं वाकतात, दात जातात, वर्षानुवर्षं ओरडूनही कोणी ऐकेना म्हणून त्यातले बहुतेक शेतकरी ठरवून उभे राहिले होते. डिपॉझिट जाणार हे माहीत होतं, तरी गेले आणि फॉर्म भरला. त्यांच्या पाण्याचा प्रश्न देशभरच्या पेपरात आला तो त्यामुळं. मी त्या जप्त झालेल्या पाचपाचशे रुपयांना वाया गेलेले पैसे म्हणणार नाही, दादांच्या पंचवीस हजारांनाही नाही.

प्रश्न : आमचे काका अपक्ष उभे होते, पडले. आता निवडणूक ऑफिसमधून खर्चाचा हिशोब द्या म्हणून फोन येतायत. काका म्हणतात मी खासदार झालोच नाही तर हिशोब कसला, ज्यांनी कोट्यवधी उडवले त्यांना विचारा. त्यांचं बरोबर आहे का?

नाही, आणि कृपा करून आज संध्याकाळीच त्यांना समजावा, हे पत्र वाचून मला खरंच काळजी वाटली. रिझल्ट लागल्यापासून तीस दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, जिंकलेल्याला आणि पडलेल्याला सारखाच नियम. वेळेत दिला नाही, किंवा ज्या पद्धतीनं द्यायचा तसा दिला नाही, आणि त्याला सबळ कारणही नसेल, तर निवडणूक आयोग आधी नोटीस काढतो आणि मग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे विधानसभेला उभं राहायचं मनात असलं तरी गेलं. मोठ्या पक्षांकडं याला माणसं असतात, सीए असतात, छोटा माणूस मात्र पडल्याच्या दुःखात घरी बसतो आणि तेवढ्यात तीस दिवस संपतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो कारण मी हेच काम केलं. फॉर्म भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढायचं असतं आणि सगळा खर्च त्यातूनच करायचा, एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून दहा हजारांच्या वर रोख द्यायचे नाहीत, वरचं सगळं चेकनं किंवा ऑनलाइन. एक रजिस्टर मिळतं त्यात तीन रंगांची पानं, पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. फॉर्म भरल्याच्या दिवसापासून रिझल्टच्या दिवसापर्यंत रोजचं रोज लिहायचं. प्रचार चालू असताना किमान तीनदा ते तपासायला न्यायचं असतं. आणि तिकडं निरीक्षकांच्या टीमकडं तुमच्या नावाचं दुसरं रजिस्टर असतं, शॅडो रजिस्टर म्हणतात, तुमच्या सभेचं शूटिंग बघून ते खुर्च्या मोजतात, मंडप मोजतात, स्पीकर मोजतात आणि जिल्ह्याच्या रेटकार्डप्रमाणं खर्च लावतात.

आमची पहिल्या तपासणीला फजिती झाली. मित्राच्या मेहुण्यानं प्रेमानं स्वतःची जीप दिली होती, पैसे घेतले नव्हते, म्हणून आम्ही ती लिहिलीच नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये जीप होती, आमच्यात नव्हती. फुकट मिळालेली गोष्टसुद्धा बाजारभावानं दाखवायची असते हे मला तिथं उभं राहून कळलं. चहावाल्याची बिलं नव्हती, झेरॉक्सवाल्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिलेला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून आम्ही सगळं नीट लावलं, दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडून सही घेतली, जीपचं भाडं धरलं, आणि पुढच्या दोन तपासण्या सुरळीत झाल्या.

खर्चाची मर्यादा मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आहे. आमचा खर्च त्याच्या जवळपासही गेला नाही, काकांचाही गेला नसणार. पण मला विचाराल तर छोट्या उमेदवाराचा हिशोब हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा. लोकांनी दहा-वीस-शंभर रुपये दिलेले असतात, ते कुठं गेले हे पानावर लिहिलेलं दिसलं पाहिजे. काकांना म्हणावं बिलं गोळा करा, काही सापडत नसतील तर दुकानदाराकडून नव्यानं मागून घ्या, गोषवारा आणि प्रतिज्ञापत्र जोडा, आणि हिशोब जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. ती पोच जपून ठेवा.

प्रश्न : मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात वाद झाला. एक मित्र म्हणाला बाबासाहेब आंबेडकरांना लोकसभेला लोकांनीच नाकारलं होतं, मला ते फार लागलं पण उत्तर देता आलं नाही. ते खरंच पडले होते का, आणि का पडले?

तुला लागलं हे मी समजू शकतो. पडले होते, एकदा नाही तर दोनदा, ते लपवायची काही गरज नाही. पण "लोकांनी नाकारलं" हे वाक्य आकड्यांसमोर टिकत नाही, त्यामुळं आपण आकड्यांनीच बोलू.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या (हिंदूंचे विवाह, वारसा वगैरेंचे कायदे सुधारणाऱ्या विधेयकाच्या) प्रश्नावर १९५१ च्या सप्टेंबरमध्ये नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक. ते शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनकडून, हत्ती या चिन्हावर, मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून उभे राहिले. समोर काँग्रेस, तिचं चिन्ह बैलजोडी, स्वातंत्र्यानंतरची पहिलीच निवडणूक, नेहरूंचा केवढा करिष्मा होता ते तुला माहीतच आहे. फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घे, कारण आजच्या माणसाला ती माहीतच नसते. त्या वेळी काही मतदारसंघ दोन जागांचे असायचे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. देशात असे ८६ मतदारसंघ होते, मुंबई शहर उत्तर त्यातलाच. युतीचे सर्वसाधारण जागेचे उमेदवार समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि राखीव जागेचे बाबासाहेब. म्हणजे युतीच्या मतदारानं एक मत मेहतांना आणि एक बाबासाहेबांना द्यायचं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, त्यावर चिन्ह, मतपत्रिकेवर शिक्का वगैरे काही मारायचा नाही, नुसती पेटीत टाकायची. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यातली एकच धरायची, दुसरी बाद. सर्वसाधारण जागेसाठी कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगेही उभे होते.

जानेवारी १९५२ मध्ये मतदान झालं. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले, त्यांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ चा. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मतं सत्तर हजारांच्या वर होती. बाबासाहेबांचा आणि अशोक मेहतांचा आरोप असा होता की कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला सांगितलं. दोघांनी मिळून निवडणुकीला आव्हान दिलं, ट्रायब्युनलनं, म्हणजे निवडणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं, ते फेटाळलं. आरोप कायद्याच्या कसोटीवर टिकला नाही हेही तू प्रामाणिकपणे सांग, पण सव्वा लाखाच्या आसपास माणसांनी पेटीपर्यंत जाऊन ज्याला मत दिलं त्याला नाकारलं कसं म्हणणार? फेडरेशनही काही साफ झालं नव्हतं, त्याच निवडणुकीत पां. ना. राजभोज सोलापुरातून लोकसभेवर गेले.

दुसऱ्यांदा १९५४ ला, भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा मेहता आणि बाबासाहेब जोडीनं. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले. हे मला जास्त अस्वस्थ करतं. एकाच जोडीतला एक येतो आणि दुसरा पडतो, याचा अर्थ मला तरी असा दिसतो की फेडरेशनच्या माणसानं आपलं एक मत इमानानं मेहतांना दिलं, पण मेहतांच्या सगळ्या मतदारांचं दुसरं मत हत्तीच्या पेटीत पडलं नाही. युती नेत्यांची झाली, मनांची पूर्ण झाली नाही. वर्गात बोलताना एवढाच मुद्दा मांडलास तरी पुरे, कारण राखीव जागेवर कोण निवडून येणार हे शेवटी सगळे मिळून ठरवतात, ज्यांच्यासाठी ती जागा राखीव आहे ते एकटे ठरवत नाहीत, आणि बाबासाहेब १९३०-३२ च्या काळात स्वतंत्र मतदारसंघ, म्हणजे दलितांचा प्रतिनिधी फक्त दलितांनी निवडायची सोय, मागत होते त्याच्या मागं हीच भीती होती. पुणे करारानं ती मागणी सोडावी लागली १९३२ ला, आणि वीस वर्षांनी तिचा फटका त्यांना स्वतःला बसला.

दोन जागांची पद्धत नंतर १९६१ ला कायदा करून बंद झाली.

आणि पडल्यावर त्यांनी काय केलं ते विचार तुझ्या मित्राला. १९५२ लाच ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं निधन झालं तेव्हाही ते राज्यसभेचे सदस्य होते. आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलले, भाषावार प्रांतरचनेवर बोलले, आणि ज्या हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडलं होतं त्याचे तुकडे १९५५-५६ मध्ये एकेक करून संसदेत कायदे झाले, विवाहाचा, वारसाचा, दत्तकाचा.

प्रश्न : मामा फार थोड्या मतांनी पडले. फेरमोजणी मागता आली असती का?

आली असती, पण ती वेळ फार थोडी असते आणि तिथंच बहुतेक जण चुकतात. सगळ्या फेऱ्या संपल्या की निवडणूक निर्णय अधिकारी एकूण आकडे जाहीर करतात आणि जरा थांबतात, त्या वेळात उमेदवारानं किंवा त्याच्या एजंटनं लेखी अर्ज द्यायचा, कारणांसहित. ते अर्ज मान्य करतील किंवा कारण लिहून नाकारतील. एकदा विजयी उमेदवाराचं नाव जाहीर झालं की संपलं, मग कोर्ट. काउंटिंग एजंट रडत किंवा भांडत बाहेर पडला की तो अर्ज द्यायला आत कोणी उरतच नाही, म्हणून त्या टेबलावर शांत डोक्याचा माणूस बसवा असं मी सगळ्यांना सांगतो. आणि मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथवर फॉर्म १७ सी ची प्रत पोलिंग एजंटनं घेतलीच पाहिजे, त्यात त्या मशीनवर किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, तो कागद नसेल तर फेरमोजणी कशाच्या जोरावर मागणार?

थोड्या फरकाची चेष्टा कोणी करू नये. २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मतं पडली, फरक ४८. ते प्रकरण हायकोर्टात गेलं आणि याचिका फेटाळली गेली. १९८९ ला अनकापल्लीत आणि १९९८ ला राजमहलमध्ये तर ९ मतांवर लोकसभेचा निकाल लागलाय. अगदी सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकतात.

२०२४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं आणखी एक वाट दिली, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला रिझल्टपासून सात दिवसांत लेखी मागणी करून, पैसे भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के ईव्हीएमची तपासणी मागता येते.

प्रश्न : आमच्या उमेदवारानं कोर्टात जायचं म्हटलं तर सगळे म्हणाले रडीचा डाव खेळू नका, हार मान्य करा. तुम्हाला काय वाटतं?

मुद्दा खरा असेल तर कोर्टात जाणं हा रडीचा डाव नाही. कायद्यानंच ती वाट ठेवली आहे. हायकोर्टात निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांच्या आत, दोन हजार रुपये सुरक्षा ठेव, आणि ती उमेदवारच काय मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो. पूर्वी यासाठी ट्रायब्युनल असायचं, बाबासाहेब गेले ते तिथं, १९६६ पासून थेट हायकोर्ट.

समाजवादी नेते राजनारायण यांचं उदाहरण घ्या. १९७१ ला रायबरेलीत इंदिरा गांधींकडून १,११,८१० मतांनी पडले. लाखाच्या वरचा फरक, कोणीही म्हटलं असतं की गप्प बस. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले. मुद्दे ऐकायला किरकोळ वाटतील असे, सरकारी नोकरीत असलेल्या यशपाल कपूर यांची प्रचारात मदत घेतली, सरकारी यंत्रणेकडून सभेची व्यासपीठं आणि विजेची सोय करून घेतली. चार वर्षं केस चालली आणि १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधानांची निवडणूक रद्द केली. पुढं २५ जूनला आणीबाणी आली, कायदे बदलले गेले आणि नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला हेही खरं. पण १९७७ ला त्याच रायबरेलीत त्याच राजनारायण यांनी इंदिरा गांधींना ५५,२०२ मतांनी हरवलं.

पण सगळ्यांनी कोर्टात जावं असं मी म्हणत नाही. कागद हातात आहे का, घडलेल्या चुकीमुळं निकालावर खरंच परिणाम झाला हे दाखवता येतंय का, एवढं वकिलाला स्पष्ट विचारा. नुसता संशय असेल तर जाऊ नका, वर्षं जातात आणि घर पोखरतं. सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण चार वर्षं लागलेली आत्ताच सांगितली.

प्रश्न : माझे मिस्टर लोकसभेला उभे होते. रिझल्ट लागून दीड महिना झाला. रोज घरात पंचवीस माणसं जेवायची, आता कोणाचा फोन येत नाही. हे बोलत नाहीत, खुर्चीवर बसून राहतात. पैशांचं थोडं देणं आहे, ते मी बघेन, पण या माणसाला बाहेर कसं काढू ते सांगा.

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आमच्या मित्राचं अगदी असंच झालं होतं. काउंटिंगच्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही हॉलमधून बाहेर पडलो, गाडीत कोणी बोललं नाही, घरी गेल्यावर त्यानं गळ्यातला गमछा घडी करून कपाटात ठेवला आणि पुढचे कितीतरी दिवस तो त्या कपाटाकडंही गेला नाही. वहिनी मला फोन करून रडायच्या. आम्ही त्याला समजवायला जायचो, "पुढच्या वेळी नक्की", "लोकांना कळत नाही" असलं काहीतरी बोलायचो, आणि तो आणखी गप्प व्हायचा. आता वाटतं ते बोलणंच चुकीचं होतं. लोकांना कळत नाही असं म्हणालो की ज्यांनी मत दिलं त्यांचाही अपमान होतो.

त्याला बाहेर काढलं ते एका कागदानं. फॉर्म २० म्हणून असतो, अंतिम निकालपत्रक, त्यात प्रत्येक बूथवर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. मी ती सगळी प्रिंट काढली, भलामोठा गठ्ठा झाला, आणि एका रविवारी त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं आपण फक्त वाचू. एकेक बूथ. पहिल्या पानावर सात मतं, दोन मतं, शून्य, अकरा. तो बघेना. मग एका ठिकाणी ११२ आली. डोंगराच्या पलीकडचं गाव, तिथं आम्ही प्रचाराला गेलोच नव्हतो, पत्रकंसुद्धा पोचली नव्हती. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, ही कोण माणसं आहेत?

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तिथं गेलो, मोटरसायकलवर. तिथल्या एका रिटायर्ड मास्तरांनी त्याचं पाण्यावरचं भाषण कुठल्याशा मोबाइलवर ऐकलं होतं आणि घरोघरी जाऊन सांगितलं होतं की हा माणूस आपल्या टाकीबद्दल बोलतोय. टाकी अर्धवट बांधून पडलेली. मित्र त्या टाकीखाली अर्धा तास उभा होता. तिथूनच त्यानं फोटो काढले, माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, आणि आता महिन्यातून एकदा तो त्या गावात असतो. पुन्हा उभा राहणार का ते मी त्याला विचारत नाही, तोही सांगत नाही.

तर तुम्ही एवढं करा. देण्याचा हिशोब आधी दोघांनी मिळून एका वहीत लिहा, एकट्यानं बघू नका, किती आणि कोणाचं हे दोघांना माहीत असलं की अर्धी भीती जाते. खर्चाचा हिशोब ऑफिसला दिलाय का ते विचारा. तीस दिवस उलटून गेलेत, दिला नसेल तर उद्याच्या उद्या द्या आणि उशिराचं खरं कारण लेखी जोडा. कोण आलं कोण गेलं त्याचा विषय घरात काढू नका, ती पंचवीस माणसं परत येतील किंवा नाही येणार. मग फॉर्म २० काढा, त्यांच्याशेजारी बसून मोठ्यानं वाचा, आणि जिथं तुम्ही कधी गेला नव्हता तरी मतं पडली असा एक बूथ शोधा. यानंतरही खुर्चीतून उठलेच नाहीत, किंवा जेवण-झोप सुटली, तर मात्र डॉक्टरांकडं न्यायला अजिबात उशीर करू नका.

बूथ सापडला की मला कळवा. मिस्टरांना चालणार असेल तर मी आणि माझा मित्र तिथपर्यंत त्यांच्यासोबत येऊ.